खजिना आणि पाऊलवाट

डोंगरात धन पुरलेले आहे, ही कल्पना महाराष्ट्रातील कोणत्याही गावाला नवी नाही. गावाच्या माथ्यावर एखादा पडका गड असावा, त्याच्या तटाला खिंडार पडलेले असावे, आणि एखाद्या वृद्धाने सांजवेळी पारावर बसून सांगावे की, अमक्या टाक्याच्या तळाशी मोहरांचे सात रांजण आहेत व त्यांवर नाग बसलेला आहे. एवढ्याने त्या डोंगराचे रूप पालटते. कालपर्यंत जो केवळ गुरे चारण्याचा माळ होता, तो आता काहीतरी दडवून बसलेला दिसू लागतो. दंतकथेचे सामर्थ्य ते हेच. ती जमिनीला रहस्य देते आणि माणसाच्या पायांना ओढ लावते.

ही ओढ एकदा लागली की तिचे काय करावयाचे, हा मात्र खरा प्रश्न आहे. दंतकथेशी वागण्याच्या सामान्यतः तीन रीती दिसतात. पहिली रीत भोळ्या श्रद्धेची. ती कुदळ घेऊन डोंगर खणावयास निघते. दुसरी रीत कोरड्या अविश्वासाची. ती कथेला हसते आणि घरीच बसते. तिसरी रीत जिज्ञासेची. ती कथेवर पुरता विश्वास ठेवीत नाही, परंतु कथेने दाखविलेल्या वाटेने चालत जाते आणि तेथे खरोखर काय आहे ते डोळे उघडे ठेवून पाहते. या तिसऱ्या रीतीला गेल्या दीडपावणेदोनशे वर्षांत एका खेळाचे रूप आले आहे. त्याला इंग्रजीत ट्रेझर हंट म्हणतात. मराठीत खजिन्याचा शोध म्हणावे. दिवाणखान्यात वा शाळेच्या अंगणात मुले हा खेळ खेळतात, तो बहुतेकांस ठाऊक आहे. परंतु डोंगरातील पाऊलवाटेवर, त्या प्रदेशाच्या दंतकथेच्या सूत्रात ओवून तो खेळला जातो, तेव्हा त्याला निराळाच अर्थ प्राप्त होतो.

या खेळाचा एक ठळक आरंभ इंग्लंडच्या नैर्ऋत्येस डार्टमूर नावाच्या ओसाड, पाणथळ पठारावर झाला. त्या पठाराच्या उत्तर भागात क्रॅन्मेअर नावाची एक जागा आहे. नावाप्रमाणे तेथे तळे असावयास हवे; प्रत्यक्षात आहे तो दलदलीने वेढलेला खोलगट खड्डा. तेथे पोहोचणे त्या काळी मोठे कष्टाचे काम होते. १८५४ साली जेम्स पेरट नावाच्या एका वाटाड्याने तेथे एक बाटली ठेवली. जो कोणी चालत येथवर येईल त्याने आपल्या नावाची चिठ्ठी त्या बाटलीत टाकावी, एवढाच तिचा उद्देश. पुढे बाटलीची पेटी झाली. येणारे लोक तीत पत्ता लिहिलेली पोस्टकार्डे ठेवू लागले आणि नंतर येणारा अनोळखी प्रवासी ती कार्डे उचलून आपल्या गावाहून टपालात टाकू लागला. त्यावरूनच या खेळाला टपालपेटीचे नाव पडले. कालांतराने पेटीत रबरी शिक्का आला. शोधणाऱ्याने तो आपल्या वहीत उमटवून घ्यावा आणि आपला शिक्का पेटीतील वहीत उमटवून निघावे, असा रिवाज पडला. आज त्या पठारावर अशा कित्येक पेट्या दगडांच्या आडोशाला लपविलेल्या आहेत, आणि त्या शोधणारी कुटुंबेच्या कुटुंबे सुटीच्या दिवशी तेथे हिंडताना दिसतात.

आता या क्रॅन्मेअरची दंतकथा पाहण्यासारखी आहे. जवळच्या ओकहॅम्प्टन गावचा बेंजामिन गेअर नावाचा एक नगराध्यक्ष होता. मरणानंतर त्याच्या अशांत आत्म्याला शिक्षा मिळाली ती अशी की, त्याने चाळणीने हे तळे उपसून रिकामे करावे. चाळणीने पाणी कसे उपसले जाणार? परंतु त्या धूर्त आत्म्याला एक मेलेले मेंढरू सापडले. त्याचे कातडे चाळणीत पसरून त्याने तळे इतक्या वेगाने उपसले की खालचे गाव पाण्याखाली गेले. कथा अर्थातच कथा आहे. परंतु तळ्याचे नाव असलेल्या जागी तळे का नाही, हा प्रश्न मात्र खरा आहे, आणि तो प्रश्न जागा ठेवण्याचे काम ही कथा पिढ्यान्‌पिढ्या करीत आली आहे. जो तेथे चालत जातो त्याला कथेचा शेवट आपल्या पायांखाली, ओल्या पीटमातीच्या खड्ड्यात, पाहावयास मिळतो. दंतकथा, पाऊलवाट आणि पेटी यांचा संगम झाला तो असा.

या खेळाचे नवे रूप २००० साली आले. अमेरिकेने अवकाशात सोडलेल्या उपग्रहांच्या आधारे पृथ्वीवरील कोणतेही स्थान सांगणारी यंत्रणा पूर्वीपासून होती. परंतु सामान्य नागरिकांना मिळणाऱ्या संकेतांत हेतुपूर्वक चूक मिसळलेली असे. २००० सालच्या मे महिन्याच्या आरंभी ही चूक काढून टाकण्यात आली आणि एका रात्रीत ती यंत्रणा सुमारे दहापट अचूक झाली. दोनच दिवसांनी, ३ मे रोजी, ओरेगॉन राज्यात डेव्ह उल्मर या गृहस्थाने रानात एक बादली अर्धवट पुरून ठेवली, तीत काही किरकोळ वस्तू आणि एक वही ठेवली, आणि तिच्या जागेचे अक्षांश-रेखांश जाहीर केले. ज्याला सापडेल त्याने काही घ्यावे व काही ठेवावे, एवढाच नियम. या खेळाला जिओकॅशिंग म्हणतात, आणि आज तो जगातील बहुतेक देशांत खेळला जातो. साधन बदलले, बाटलीच्या जागी उपग्रह आला. खेळाचा गाभा मात्र पेरटच्या बाटलीचाच राहिला. खजिन्याची किंमत शून्य, आणि तेथवर जाण्याची किंमत मात्र मोठी.

अशा खेळाची रचना करणे वाटते तितके सोपे नाही. आयोजकाला आधी ती वाट स्वतः अनेकदा चालावी लागते. मग तो कथेचे पाच-सात टप्पे पाडतो आणि प्रत्येक टप्पा वाटेवरील एखाद्या खऱ्या खुणेशी बांधतो. प्रत्येक खुणेपाशी पुढच्या खुणेचे कोडे असते. येथे तीन गोष्टी संभाळाव्या लागतात. पहिली अशी की, कोड्याचे उत्तर त्या जागी उभे राहिल्यावाचून मिळता कामा नये. घरी बसून पुस्तकातून ते काढता आले तर चालण्याचे प्रयोजनच उरत नाही. दुसरी अशी की, कोडे कथेतून निघावे पण खऱ्या वस्तूवर येऊन संपावे. दगडावर, झाडावर, पाण्यावर, कोरीव लेखावर. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. कोडे सोडविताना त्या जागेला ओरखडाही उठता कामा नये. जेथे खणावे लागते, उपटावे लागते किंवा फोडावे लागते, तेथे खेळ संपतो आणि नासधूस सुरू होते.

महाराष्ट्रापुरते बोलावयाचे तर अशा खेळासाठी राजगड-तोरणा या वाटेइतकी योग्य जागा दुसरी क्वचितच असेल. पुणे जिल्ह्यातील हे दोन गड एका लांबलचक डोंगरधारेने जोडलेले आहेत. राजगडाच्या संजीवनी माचीवरून उतरून त्या धारेने चालत तोरण्याच्या बुधला माचीवर चढता येते. ही पूर्ण दिवसाची खडतर चाल आहे. परंपरा सांगते की, शिवाजी महाराजांनी १६४६ च्या सुमारास तोरणा घेतला, गडाची डागडुजी करताना तेथे धनाने भरलेले हंडे सापडले, आणि त्या धनातून शेजारच्या मुरुंबदेवाच्या डोंगरावर राजगड उभा राहिला. पुढे सुमारे पाव शतक राजगड हीच स्वराज्याची राजधानी होती. म्हणजे ही वाट खजिना जेथे सापडला त्या गडाला, तो जेथे खर्च झाला त्या गडाशी जोडते.

हंडे सापडले की नाही, किती सापडले, त्यांत काय होते, हे आज कोणी मोजून सांगू शकणार नाही. परंतु राजगड मोजता येतो. संजीवनी माचीच्या दुहेरी तटामधून चालताना, त्या तटाला जागोजाग ठेवलेले चोरदरवाजे पाहताना आणि बालेकिल्ल्याचा उभा चढ चढताना, ते धन दगड होऊन डोळ्यांसमोर उभे आहे हे कळते. खजिना शोधणाऱ्याने नेमके हेच शोधावे. सुवेळा माचीवर खडकाला आरपार पडलेले एक छिद्र आहे. त्याला नेढे म्हणतात. सुईच्या छिद्रालाही मराठीत नेढेच म्हणतात. ‘सुई नाही, दोरा नाही, तरी नेढे कोठे आहे?’ एवढे एक कोडे हाती दिले तर मुले सबंध माची पालथी घालतील, आणि त्या नेढ्यात बसून वाऱ्याचा झोत अंगावर घेतील, तेव्हा एक मराठी शब्द त्यांना जन्मभर पुरेल इतका कळलेला असेल. तोरण्याच्या बुधला माचीवरील सुळका उपड्या ठेवलेल्या बुधल्यासारखा दिसतो. पूर्वी तेल-तूप ठेवण्यासाठी चामड्याचे बुधले वापरीत. ते आज घरातून गेले, पण डोंगरावर त्यांचे नाव राहिले. गडांवरील नावे हीच एक मोठी कोड्यांची पोथी आहे. २०२५ साली राजगडासह बारा मराठा दुर्गांना युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले. तेव्हापासून ही पोथी साऱ्या जगासमोर उघडी झाली आहे.

गडकोटांच्या या प्रदेशातून दूर उत्तरेस चंडीगडकडे वळले म्हणजे प्रथमदर्शनी असे वाटते की, तेथे दंतकथेला जागाच नाही. हे नगर स्वातंत्र्यानंतर आखले गेले. ल कार्बूझिए या वास्तुशिल्पकाराच्या देखरेखीखाली सरळ रस्त्यांच्या चौकोनांत ते उभे राहिले, आणि त्याच्या विभागांना नावे नव्हेत, तर क्रमांक दिले गेले. त्याला लागूनच असलेल्या साहिबजादा अजितसिंग नगरात, म्हणजे मोहालीत, ८१ क्रमांकाच्या विभागात नॉलेज सिटी या नावाने ओळखली जाणारी वसाहत आहे. भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्था तेथे आहे. ती २००७ साली स्थापन झाली. अब्जांशतंत्रज्ञानाच्या आणि कृषिजैवतंत्रज्ञानाच्या संशोधनसंस्थाही तेथेच आहेत. महाराष्ट्रातून शिकावयास गेलेला एखादा विद्यार्थी तेथे पोहोचला की, त्याला प्रथम आठवण होते ती डोंगराची. परंतु आकाश निवळ असलेल्या सकाळी ईशान्येकडे पाहावे. तेथे शिवालिक टेकड्यांची निळसर रांग दिसते. क्रमांकांचे नगर जेथे संपते तेथेच कथांचा प्रदेश सुरू होतो. खुद्द चंडीगड हे नाव पायथ्याच्या चंडीदेवीच्या मंदिरावरून आलेले आहे. जवळच्या पिंजोर गावाचे नाव पंचपुर या शब्दापासून आले आणि पांडवांनी वनवासात तेथे मुक्काम केला, असे लोक मानतात. मोरनीच्या डोंगरात टिक्कर ताल नावाची जोड तळी आहेत. मधे टेकडी असूनही ती आतून एकमेकांस जोडलेली आहेत, असे लोक मानतात व त्यांना पवित्र समजतात.

तथापि शिवालिकातील सर्वांत विलक्षण दंतकथा राक्षसांच्या हाडांची आहे. आणि त्या कथेने घडविलेला खजिन्याचा शोध हा कोणत्याही खेळाहून अधिक चित्तवेधक आहे.

चौदाव्या शतकात दिल्लीच्या फिरोजशहा तुघलकाने कालवे काढण्यासाठी या भागात मोठे खोदकाम करविले. त्या वेळी एका टेकडीत हत्तींची व माणसांची हाडे सापडली, आणि त्यांतील माणसाच्या हाताचे हाड तीन गज लांब होते, असे फिरिश्ता या इतिहासकाराने लिहून ठेवले आहे. हा फिरिश्ता मराठी श्रोत्यांना परका नाही. तो लहानपणी अहमदनगरास आला, निजामशाहीच्या आश्रयास वाढला, आणि नंतर विजापूरच्या आदिलशाही दरबारात राहून त्याने आपला इतिहास लिहिला. शिवालिकातील राक्षसी हाडांची वार्ता दख्खनच्या भूमीवर शब्दबद्ध झाली, हा योगायोग मोठा मनोरंजक आहे.

त्यानंतर सव्वादोनशे वर्षे लोटली. १८३० च्या दशकात सहारनपूरच्या वनस्पतिउद्यानाचा प्रमुख ह्यू फाल्कनर आणि कालव्यांचा अभियंता प्रोबी कॉट्‌ली हे दोघे शिवालिकात हिंडू लागले. नाहानच्या राजाकडे एक दगड झालेला प्रचंड दात असल्याचे त्यांना कळले. लोकांच्या मते असले दात व हाडे दैत्यांची होती. फाल्कनर या कथेला हसला नाही आणि तिच्यावर त्याने विश्वासही ठेवला नाही. हा दात आला कोठून, एवढेच त्याने विचारले. चौकशी करीत तो त्या जागी चालत गेला, आणि थोड्याच तासांत त्याच्यापुढे शेकडो अश्मीभूत हाडांची रास लागली. एक दात, एक पत्ता, एक पाऊलवाट आणि वाटेच्या शेवटी खजिना! शोधखेळाची सारी अंगे येथे आहेत. फक्त कोडे कोणी माणसाने घातलेले नव्हते.

या हाडांनी जो प्राणिसंसार उघड केला तो दैत्यांच्या कथेहून अधिक अद्‌भुत होता. निरनिराळ्या जातींचे हत्ती, पाणघोडे, मगरी, घोडे आणि वानर यांचे अवशेष तेथे मिळाले. जिराफाच्या कुळातला, पण बांध्याने हत्तीशी स्पर्धा करणारा आणि डोक्यावर फांद्यांसारखी शिंगे असलेला एक प्राणी आढळला. त्याला १८३६ साली शिवथेरियम, म्हणजे शिवाचा पशू, असे नाव देण्यात आले. एका महाकाय कासवाची पाठही सापडली. तेव्हा त्या दोघांच्या मनात प्रश्न उभा राहिला की, पृथ्वीला पाठीवर धरणाऱ्या कासवाची भारतीय पुराणकथा अशाच एखाद्या प्राण्याच्या आठवणीतून तर निघाली नसेल? आजच्या ज्ञानाप्रमाणे या प्रश्नाला निश्चित उत्तर देता येत नाही. परंतु असा प्रश्न विचारणाऱ्याने कथा तुच्छ मानलेली नव्हती, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. १८३७ साली लंडनच्या भूविज्ञान संस्थेने दोघांना मिळून वोलॅस्टन पदक दिले. आणि फिरिश्ताच्या ग्रंथातील त्या जुन्या वार्तेचा अर्थही फाल्कनरनेच उलगडला. तीन गजांचा हात माणसाचा नव्हता. तो हत्तीसारख्या एखाद्या प्राचीन जनावराचा होता. दंतकथा खोटी ठरली नाही, ती वाचावयास शिकण्याची गरज होती.

ही हाडे तेथे आली कशी, हेही समजण्यासारखे आहे. हिमालय वर उचलला जात असताना त्याच्या उतारावरून येणाऱ्या नद्यांनी पायथ्याशी वाळू, चिखल आणि गोटे यांचे थरावर थर टाकले. सुमारे पावणेदोन कोटी वर्षांपूर्वीपासून काही लाख वर्षांपूर्वीपर्यंत हे काम चालले होते. पुरात वाहून आलेली जनावरांची प्रेते त्या गाळात पुरली गेली, आणि खनिजयुक्त पाणी हाडांत झिरपून ती दगड झाली. पुढे भूकवचाच्या रेट्याने हेच थर दुमडून वर आले व त्यांच्या टेकड्या बनल्या. हा खडक ठिसूळ आहे. दर पावसाळ्यात तो धुपतो, आणि धुपताना नवी हाडे उघडी पडतात. चंडीगडजवळच्या मसोल गावाच्या परिसरात सापडलेल्या काही हाडांवरच्या रेघा सुमारे सव्वीस लाख वर्षांपूर्वी दगडी हत्याराने पडल्या असाव्यात, असे एका भारतीय-फ्रेंच संशोधकगटाने २०१६ साली मांडले. हे मत सर्व तज्ज्ञांनी मान्य केलेले नाही. पण शोध अजून संपलेला नाही, एवढे त्यावरून निश्चित कळते. हिमाचल प्रदेशातील सुकेती येथे १९७४ सालापासून एक जीवाश्म उद्यान आहे. त्या प्राचीन प्राण्यांच्या पूर्णाकृती प्रतिमा तेथे रानात उभ्या केल्या आहेत. नॉलेज सिटीतील विद्यार्थ्यांसाठी दंतकथेच्या सूत्रातला शोधखेळ कोणी रचू म्हणेल, तर पंचपुरापासून सुकेतीपर्यंतचा हा टापू त्याला पुरून उरेल.

येथवर दंतकथेच्या उजळ बाजूचा विचार झाला. तिची काळोखी बाजू झाकून ठेवणे योग्य होणार नाही. गुप्तधनाच्या हव्यासाने या देशात फार मोठी हानी केली आहे. गडांवरील जोती उकरली गेली, मंदिरांतील मूर्ती आसनावरून हलविल्या गेल्या, समाध्या फोडल्या गेल्या. याहून भयंकर म्हणजे, धनावरील पहारा उठावा म्हणून बळी देण्यापर्यंत काही भ्रमिष्टांची मजल गेली. महाराष्ट्रात २०१३ साली नरबळी व जादूटोणा यांविरुद्ध जो कायदा झाला, त्यात गुप्तधनाच्या शोधासाठी केलेल्या अघोरी कृत्यांचा समावेश मुद्दाम करावा लागला, यावरून या रोगाची खोली कळते.

त्याच वर्षीच्या ऑक्टोबर महिन्यात उत्तर प्रदेशातील उन्नाव जिल्ह्यात जे घडले ते हास्यास्पद आणि खेदजनकही होते. दौंडियाखेडा येथे १८५७ च्या उठावातील एका राजाच्या पडक्या गढीखाली एक हजार टन सोने असल्याचे एका साधूने स्वप्नात पाहिले, आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने तेथे उत्खनन आरंभिले. बघ्यांची जत्रा लोटली, दुकाने मांडली गेली, वार्ताहरांची रीघ लागली. काही आठवड्यांनी काम थांबले. सोन्याचा कणही मिळाला नाही.

कायदा या बाबतीत स्पष्ट आहे. १८७८ च्या निखात निधी अधिनियमाप्रमाणे जमिनीत दडलेले दहा रुपयांहून अधिक मोलाचे काहीही सापडले, तर सापडणाऱ्याने त्याची खबर जिल्हाधिकाऱ्याला दिली पाहिजे. लपविणे हा गुन्हा आहे. संरक्षित स्मारकांच्या जागी परवानगीवाचून खणण्यास १९५८ च्या कायद्याने मनाई आहे. परंतु कायद्याच्या पलीकडे एक साधे कारण आहे. जमिनीतील नाण्याचे मोल त्याच्या धातूत थोडे आणि त्याच्या जागेत फार असते. कोणत्या थरात, कोणत्या खापराशेजारी, कोणत्या राखेवर ते पडले होते, यावरून इतिहास वाचता येतो. नाणे उचलून नेले की, धातू हाती राहतो आणि इतिहास पुसला जातो. शिवालिकातील हाडाचेही तसेच. ते खिशात घालून नेणाऱ्याला एक दगड मिळतो. जागेची नोंद करून जाणकाराला कळविणाऱ्याला एका युगाची वार्ता मिळते.

म्हणून डोंगरातील शोधखेळाला काही पथ्ये आवश्यक ठरतात. पेटी पुरू नये. दगडाच्या आडोशाला, वाटेपासून हाताच्या अंतरावर ठेवावी आणि खेळ संपताच परत न्यावी. गडाच्या तटात, देवळाच्या गाभाऱ्यात किंवा प्राण्यांच्या बिळाशी ती कधीही ठेवू नये. रानातून जाणाऱ्या वाटेसाठी वनखात्याची परवानगी आधी घ्यावी. शिवालिकात ज्यांना चो म्हणतात ते ओढे एरवी कोरडे असतात, परंतु डोंगरात पाऊस होताच काही क्षणांत दुथडी भरतात. सह्याद्रीच्या धारेवर धुके उतरले की, चार हातांवरची वाटही दिसेनाशी होते. तेव्हा पावसाळ्यात हा खेळ मांडू नये, आणि मांडल्यास प्रत्येक गटाबरोबर वाट जाणणारा स्थानिक माणूस असावा. खुणेपाशी पोहोचल्याचा पुरावा म्हणून काही उचलून आणण्यास सांगू नये. चित्र काढावयास, मोजावयास, मोजून लिहावयास सांगावे. आणि ज्या गावाची दंतकथा खेळासाठी घेतली, त्या गावच्या लोकांना ती आधी विचारावी. गावाच्या तोंडची कथा आणि छापील कथा यांत बहुधा फरक असतो, आणि तो फरक हाच पुष्कळदा खरा खजिना असतो.

या खेळात स्पर्धाही असते, आणि ती असावी. परंतु पहिला येणाऱ्या गटाला काय द्यावे, याचा विचार आयोजकाने जपून करावा. मोठे बक्षीस लावले की, मुले कोडे सोडविण्याऐवजी धावू लागतात आणि वाटेवरचे काहीच त्यांना दिसत नाही. डार्टमूरच्या पेटीतील शिक्क्याची किंमत काही पैसेही नव्हती, म्हणून तर तो मिळविण्यासाठी लोक दलदल तुडवीत गेले. चोराला तेथे नेण्याजोगे काही नव्हते, आणि चालणाऱ्याला तेथे न जाण्यास काही निमित्त नव्हते.

तोरण्याचे हंडे आज कोणाच्या हाती लागणार नाहीत, आणि शिवालिकातले दैत्यही कोणाला भेटणार नाहीत. परंतु तोरण्याहून राजगडाकडे पाहणाऱ्याला एका माणसाने सापडलेल्या धनाचे काय केले ते दिसते, आणि शिवालिकाच्या धुपलेल्या कड्यापाशी थांबणाऱ्याला एका प्रश्नाने किती मोठे दार उघडले ते दिसते. ही दोन दर्शने घेऊन जो वाट उतरतो, त्याने पेटीतील वहीत आपले नाव लिहावे, झाकण नीट लावावे आणि पेटी होती तशीच, होती तेथेच ठेवावी. कारण वाटेने मागून आणखी कोणीतरी येत असते.